आधी घरच्यांना कळले का?

धर्मेंद्र यांच्या निधनाची चुकीची बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये पसरली, तेव्हापासून या सदराकडे त्याच विषयावर पत्रे येत आहेत. नामवंत व्यक्तीच्या मृत्यूची बातमी तिच्या घरच्यांना कळण्यापूर्वी, किंवा मृत्यू होण्यापूर्वीच, जगाला कशी दिली जाते आणि कोणी थांबायला हवे, असे त्या पत्रांचे सार आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

विक्रम गोखले गेल्याची बातमी २०२२ मध्ये आधी पसरली आणि तीन दिवसांनी ते खरोखरच गेले. धर्मेंद्र यांच्या बाबतीतही पंधरवड्यात तेच झाले. दोघेही अत्यवस्थ होते. मग बातमी थोडी आधी आली एवढेच ना? याला इतका मोठा अपराध का मानावा? (एक वाचक, सातारा)

‘थोडी आधी’ हे वर्णन वाचकाच्या बाजूने खरे आहे, घरच्यांच्या बाजूने नाही. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात उपचार घेत होते. त्या रात्री समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीचे संदेश सुरू झाले, त्यांत चित्रपटसृष्टीतील मोठी नावेही होती, आणि ते हयात आहेत असा खुलासा कुटुंबीयांना करावा लागला. गोखले गेले ते २६ नोव्हेंबरला. मधल्या तीन दिवसांत तुमच्या-माझ्या आयुष्यात काही घडले नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांसाठी मात्र ते त्यांच्या सोबतीचे शेवटचे तीन दिवस होते. त्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘नाही, अजून आहेत’ असे उत्तर देण्याची वेळ आपण त्यांच्यावर आणली. आपल्या माणसाबद्दल ‘अजून’ हा शब्द उच्चारावा लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी रुग्णालयाच्या बाकावर रात्री काढल्या आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

धर्मेंद्र यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ते मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी चालली. त्यांची मुलगी ईशा देओल हिने इन्स्टाग्रामवरून ती नाकारली. हेमा मालिनी यांनी जे चालले आहे ते अक्षम्य आहे, उपचारांना प्रतिसाद देणाऱ्या माणसाबद्दल जबाबदार वाहिन्या खोटी बातमी कशी पसरवू शकतात, असा उघड सवाल केला. दुसऱ्याच दिवशी धर्मेंद्र यांना घरी सोडण्यात आले आणि २४ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या माणसाला आपण निरोप देऊन मोकळे झालो होतो, तो त्यानंतर सुमारे दोन आठवडे आपल्या माणसांत होता. ते दिवस ‘बातमी थोडी आधी आली’ या हिशेबात बसवता येत नाहीत.

हे सगळे मोबाइल आल्यापासून बिघडले, असेही मला वाटत नाही. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते आणि त्यांचे निधन झाल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जाहीर केले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झाले, आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली. जयप्रकाशजी जिवंत होते आणि त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ, ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, जगले. तेव्हा ना वाहिन्यांची स्पर्धा होती, ना पडद्यावर सरकणारी पट्टी. चूक झाली ती एवढीच की बातमी जसजशी वर चढत गेली तसतसे तिचे वजन वाढत गेले, आणि इतक्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर रुग्णाच्या खोलीत असलेल्याला विचारून घ्यावे असे कोणाला वाटले नाही.

आणखी एक गोष्ट. अत्यवस्थ असणे ही सबबही प्रत्येक वेळी उपलब्ध नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये श्रेयस तळपदे यांच्या मृत्यूची अफवा पसरली तेव्हा ते ठणठणीत होते. आदल्या डिसेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असल्यामुळे लोकांना ती पटली, इतकेच. आपण जिवंत आहोत असे त्यांना स्वतःच लिहावे लागले आणि त्या मजकुरात त्यांनी आपल्या शाळकरी मुलीचा उल्लेख केला, जी आधीच वडिलांच्या प्रकृतीच्या काळजीत होती. त्या मुलीला वर्गात कोणीतरी ‘तुझे बाबा गेले ना?’ असे विचारू शकले असते. मला हा मुद्दा कायद्याच्या सगळ्या कलमांपेक्षा मोठा वाटतो.

मी दोन वर्षे एका वृत्तसंकेतस्थळावर काम करते. नामवंत व्यक्ती गेल्याचे रुग्णालयातून कोणीतरी सांगते, दुसऱ्या वाहिनीवर ब्रेकिंगची पट्टी सुरू होते आणि वरिष्ठ ‘टाक लगेच’ म्हणतात. अशा वेळी नेमके काय करावे? खात्रीसाठी घरच्यांना फोन करणे बरोबर की चूक? (एक बातमीदार, नाशिक)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला फार महागात पडून मिळाले आहे, म्हणून तेच आधी सांगतो.

नव्वदच्या दशकात मी एका दैनिकात रात्रपाळीच्या डेस्कवर होतो. दौऱ्यावर निघालेल्या एका नाट्यसंस्थेच्या गाडीला घाटात अपघात झाला आणि त्यात एक ज्येष्ठ नट गेले, अशी बातमी आमच्या तालुक्याच्या बातमीदाराने फोनवर दिली. तो स्वतः ग्रामीण रुग्णालयात उभा होता, त्याने डॉक्टरांशी बोलून घेतले होते, त्यामुळे बातमी पक्की होती. पान सोडायला पाऊण तास उरला होता. मराठी निधनवार्तेचे शेवटचे वाक्य तुम्हालाही पाठ असेल : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ ते वाक्य भरण्यासाठी मी त्यांच्या घरी फोन लावला. फोन त्यांच्या पत्नीने उचलला. मी दैनिकाचे नाव सांगितले, मुले किती, कोठे असतात, असे विचारले. त्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे दिली आणि मग त्या म्हणाल्या, ‘पण हे तुम्हाला एवढ्या रात्री कशाला हवे आहे?’ मला काही बोलता आले नाही. माझ्या त्या गप्प राहण्यातून त्यांना कळले. त्या घरात तेव्हा दुसरे कोणी नव्हते.

माझी बातमी अचूक होती. वयसुद्धा बरोबर छापले गेले.

त्या रात्रीनंतर मी स्वतःला एक भेद शिकवला. बातमी खरी आहे का, हा एक प्रश्न आहे. घरच्यांना कळले आहे का, हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसरा सुटत नाही, आणि दोन्ही प्रश्न घराबाहेरच्या माणसालाच विचारायचे असतात. उपचार करणारे डॉक्टर, रुग्णालयाचा जनसंपर्क अधिकारी, अपघात असेल तर संबंधित पोलीस ठाण्याचा अधिकारी, कलावंत असेल तर त्याचे कामकाज पाहणारा व्यवस्थापक, यांना हे विचारा. माझा अनुभव असा आहे की दुसऱ्या प्रश्नाला लोक सहसा उत्तर देतात. ‘निधन झाले का?’ असे विचारल्यावर फोन ठेवून देणारा अधिकारी ‘साहेब, घरच्यांना कळवले आहे का, एवढेच सांगा’ म्हटल्यावर थांबतो, कारण तुम्ही त्याच्या कामात अडथळा आणायला आलेले नाही हे त्याला समजते. ‘मुलगा परदेशातून निघालाय, विमानात आहे’ किंवा ‘आईला अजून सांगितलेले नाही’ असे उत्तर आले, तर घरच्यांना कळलेले नाही असेच समजायचे. पत्नीला कळले आणि आईला कळले नाही, तर घराला कळले असे होत नाही.

विमानातल्या माणसाचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टुसॉन येथे तेथील संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे पती, अंतराळवीर मार्क केली, ह्यूस्टनहून मित्राच्या विमानाने त्यांच्याकडे निघाले होते. त्या विमानात दूरचित्रवाणी संच होता. गिफर्ड्स यांचे निधन झाल्याची बातमी त्यांनी आकाशात असताना त्या संचावर ऐकली आणि खरी परिस्थिती कळेपर्यंत आपली पत्नी गेली असेच ते धरून चालले. गिफर्ड्स वाचल्या, आज त्या हयात आहेत. ती चुकीची बातमी देणाऱ्यांत एनपीआर ही अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित सार्वजनिक नभोवाणी होती. एनपीआरकडे दोन सूत्रे होती : एक स्थानिक शेरीफच्या (पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयातील आणि दुसरे एका काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातील. दोघांपैकी कोणीही रुग्णालयात प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. दोघांनी ऐकलेले सांगितले होते. ‘दोन सूत्रांकडून खात्री’ हा नियम आपल्याकडेही नव्या बातमीदारांना शिकवला जातो, पण ऐकीव सांगणारे दहा जण एकत्र केले तरी त्यांतून पाहणारा एक तयार होत नाही. म्हणून सूत्राला पुढचा प्रश्न विचारा : ‘तुम्ही स्वतः पाहिले की तुम्हाला कोणी सांगितले?’ रुग्णालयाच्या वाहनतळावरचा सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक हे अनेकदा बातमीचे पहिले सूत्र असतात. त्यांना मी कमी लेखत नाही. पण कुटुंबीय रडताना दिसले, एवढ्यावरूनही ते ‘गेले’ म्हणून सांगतात.

खात्यावरून आले म्हणजे अधिकृत झाले, हेही गृहीत धरू नका. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे यांच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावरून त्यांच्या निधनाचा मजकूर प्रसिद्ध झाला, बहुतेक सगळ्यांनी तो उचलला आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चित्रफितीतून समोर आल्या. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या गावात, अंत्यसंस्कार कोठे, हे साधे प्रश्न त्या दिवशी विचारले गेले असते तर त्यांना उत्तरे नाहीत हे तासाभरात लक्षात आले असते.

आता तुमच्या वरिष्ठांच्या ‘टाक लगेच’विषयी. दुसऱ्या वाहिनीवर पट्टी चालली म्हणजे दुजोरा मिळाला, ही समजूत सोडायला हवी. कदाचित त्या वाहिनीने तिसऱ्याची पट्टी पाहिली असेल. वरिष्ठांशी नीतीच्या भाषेत वाद घालण्यापेक्षा कामाच्या भाषेत बोलणे उपयोगी पडते. ‘मला अजून पाहणारा माणूस मिळालेला नाही, आणि घरच्यांना कळले की नाही ते समजलेले नाही; दोन्ही समजताच टाकते, तोवर माहितीचा लेख तयार करून ठेवते’ असे सांगा आणि खरोखरच ठेवा. कोणत्याही चांगल्या डेस्कवर मोठ्या माणसांची माहिती आगाऊ लिहून ठेवलेली असते. त्यात गैर काही नाही, उलट ती असली म्हणजे शेवटच्या क्षणी ‘मुले किती’ असे विचारायला घरी फोन करावा लागत नाही. सर्वांत आधी बातमी कोणी दिली, हे वाचक आठवड्याभरात विसरतो. दुसऱ्या दिवशी कोणी मन लावून मृत्युलेख लिहिला, हे मात्र तो वर्षानुवर्षे सांगतो, आणि तुमच्या वरिष्ठांनाही हे अनुभवाने ठाऊक असणार.

किती थांबायचे, याचे गणित मी मांडून देऊ शकत नाही. अमेरिकेचे संरक्षण खाते युद्धात मृत्युमुखी पडलेल्या सैनिकाचे नाव जवळच्या नातेवाइकांना कळवल्यानंतर २४ तास जाहीर करत नाही. वृत्तमाध्यमांना इतके थांबणे जमणार नाही हे मला मान्य आहे. पण बहुतेक वेळा प्रश्न २४ तासांचा नसतोच, चाळीस-पन्नास मिनिटांचा असतो. आणि नाव सगळ्या देशाला कळून चुकले असेल, तर केवळ आपण ते न छापल्याने घराचे काही राखले जात नाही हेही खरे आहे. अशा वेळी नाव द्या, पण तेवढ्यावर थांबा. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबसस येथे हेलिकॉप्टर कोसळून बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट गेले, ती बातमी टीएमझी या संकेतस्थळाने सर्वप्रथम दिली. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफने त्याच दिवशी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली की, आपला माणूस गेल्याचे एखाद्या घराला टीएमझीवरून कळावे हा घोर अनादर आहे. पत्नी व्हॅनेसा यांनी पुढे शपथेवर सांगितले की, पतीला फोन लावून खात्री करण्याचा प्रयत्न चालू असतानाच त्यांच्या फोनच्या पडद्यावर कोबींना श्रद्धांजली वाहणारे संदेश उमटू लागले होते.

त्या हेलिकॉप्टरमध्ये नऊ जण होते. त्यांत कोबींची १३ वर्षांची मुलगी जियाना होती, तिच्याबरोबर खेळणाऱ्या आणखी दोन मुली होत्या, पालक होते, एक प्रशिक्षक होत्या, वैमानिक होता. त्याच दिवशी एबीसी या अमेरिकी वाहिनीच्या एका बातमीदाराने कोबींच्या चारही मुली आत असल्याचे थेट प्रक्षेपणात सांगून टाकले. ते चूक होते, आणि नंतर त्याला निलंबित करण्यात आले. एका नावाच्या घाईत इतर घरांचा विचार मागे पडतो. आपल्याकडेही मोठ्या नेत्याच्या किंवा नटाच्या गाडीला अपघात होतो तेव्हा चालकाच्या घरी बातमी कशी पोचली, हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

कलावंतांचे समजू शकते, पण राजकीय नेते हे सार्वजनिक जीवनातले असतात. त्यांच्या प्रकृतीबद्दल जाणून घेण्याचा जनतेला हक्क नाही का? कुटुंबाने किंवा पक्षाने बातमी दडवून ठेवली तर माध्यमांनीही गप्प बसायचे का? (एक वाचक, ठाणे)

हक्क आहे, आणि तो मी मागे घेत नाही. घटनात्मक पदावरील व्यक्तीच्या प्रकृतीबद्दल पारदर्शकता हवी. तिचे निधन दिवसेंदिवस दडवले जात असल्याचा सबळ पुरावा हाती असेल तर बातमीदाराने ते लिहिलेच पाहिजे. घरच्यांना आधी कळावे याचा अर्थ घरच्यांची परवानगी हवी असा होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एका बाजूला सगळेच दडपण्याची सोय होते आणि दुसऱ्या बाजूला कशाचीच पर्वा न करण्याची.

पण नेत्याच्या बाबतीत उतावळेपणाची किंमत केवळ घर मोजत नाही, रस्ता मोजतो. ५ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी काही तमिळ वाहिन्यांनी मुख्यमंत्री जयललिता यांच्या निधनाची बातमी दिली. चेन्नईतील पक्ष कार्यालयावरचा ध्वज अर्ध्यावर उतरवला गेला, अपोलो रुग्णालयाने बातमी नाकारली, ध्वज पुन्हा वर चढला, आणि रुग्णालयाबाहेर जमलेला जनसमुदाय या सगळ्यात हेलकावत राहिला. प्रत्यक्ष निधन रात्री साडेअकराला झाले आणि ते मध्यरात्रीनंतर जाहीर झाले.

याउलट १७ नोव्हेंबर २०१२ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रकृतीबद्दल त्याआधीचे काही दिवस अफवांना ऊत आला होता आणि ‘मातोश्री’बाहेर शिवसैनिकांची गर्दी हटत नव्हती. दुपारी साडेतीनच्या सुमारास बाळासाहेब गेले आणि त्यानंतर त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जलील पारकर यांनी ‘मातोश्री’बाहेर येऊन ते सांगितले. ज्याने नाडी पाहिली होती त्यानेच, घरच्यांना कळल्यानंतर, एका ठिकाणाहून, स्वतःच्या नावाने सांगितले. मला ती पद्धत आजही आदर्श वाटते. बातमी दडवलीही गेली नाही आणि हिसकावलीही गेली नाही.

कुटुंबांनाही एक विनंती करावीशी वाटते. लता मंगेशकर जानेवारी २०२२ मध्ये ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाल्या आणि ६ फेब्रुवारीला गेल्या. त्या चार आठवड्यांत अफवा उठत राहिल्या, पण त्यांच्या अधिकृत खात्यावरून आणि डॉक्टरांकडून अधूनमधून प्रकृतीची माहिती मिळत असल्यामुळे अफवेला पकडून थांबवता येत होते. नातेवाइकांपैकी एकाने किंवा डॉक्टरांनी दिवसातून एकदा दोन ओळी सांगितल्या, तर सुरक्षारक्षकाला कोणी सूत्र मानणार नाही.

याबद्दल आपल्याकडे कायदा आहे का? तक्रार कोठे करायची? (एक सेवानिवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

मुद्रित माध्यमांसाठी भारतीय प्रेस परिषद आहे. तिच्या आचारनियमांत प्रसिद्धीपूर्वी खातरजमा करण्यावर भर आहे आणि व्यक्तिगत शोकाच्या क्षणांत छायाचित्रणाद्वारे घुसखोरी टाळावी असे म्हटलेले आहे. परिषद ताशेरे ओढू शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही. खासगी वृत्तवाहिन्यांसाठी एनबीडीएसए ही स्वनियमन करणारी संस्था आहे, आणि तिच्यापुढे सदस्य वाहिन्यांविरुद्ध तक्रार करता येते. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूच्या वार्तांकनाबद्दल याच यंत्रणेने २०२० मध्ये काही वाहिन्यांना क्षमा मागायला लावली आणि एका वाहिनीला एक लाख रुपयांचा दंड केला. त्याच प्रकरणातून आलेल्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल देताना मृत व्यक्तीच्या खासगीपणात घुसू नये असे माध्यमांना बजावले. डॉक्टरांवरही बंधन आहे. रुग्णाची व्यवसायातून कळलेली गुपिते उघड करू नयेत असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे.

ब्रिटनमधील नियम मला अधिक नेमका वाटतो. तेथील प्रसारण नियामक ऑफकॉमच्या संहितेतील ८.१८ व्या कलमानुसार, जवळच्या नातेवाइकांना कळवण्यात आल्याचे स्पष्ट होईपर्यंत मृताची ओळख उघड होणार नाही याची काळजी प्रसारकांनी घ्यायची असते. ओळख उघड करण्यास सबळ कारण असेल तेवढाच अपवाद. एका वाक्याचा हा नियम प्रेस परिषदेने आणि वाहिन्यांच्या संघटनेने जसाच्या तसा उचलला तरी माझी तक्रार नाही.

तुम्हाला तक्रार करायची असेल तर बातमीचे पडद्यावरचे छायाचित्र, तारीख आणि वेळ जपून ठेवा, आधी संबंधित माध्यमाकडे लेखी तक्रार करा आणि उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर वरच्या संस्थेकडे जा. वेळेची नोंद नसेल तर ‘घरच्यांच्या आधी’ हा मुद्दा सिद्धच होत नाही.

आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका ज्येष्ठ कलावंताच्या छायाचित्राखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकले. ती बातमी खोटी निघाली. त्यांची एक नातेवाईक त्याच ग्रुपवर आहे हे मला नंतर कळले. मी पत्रकार नाही, तरी हे मनाला लागून राहिले आहे. आता काय करावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

तुमच्या पत्रातील अस्वस्थता मला समजते, आणि ‘मी पत्रकार नाही’ या वाक्यामागे तुम्ही लपला नाहीत याबद्दल तुमच्याविषयी आदर वाटतो.

आपल्या मागच्या पिढीला अशी बातमी कळवण्याची एक रीत होती. गावाकडून तार येई : ‘वडील सीरियस, ताबडतोब निघा.’ वडील तेव्हा गेलेले असत आणि तार पाठवणाऱ्याला ते ठाऊक असे. तो खोटे बोलत नव्हता, प्रवासात एकट्या असलेल्या माणसाला घराच्या उंबऱ्यापर्यंत धीर पुरावा एवढी काळजी घेत होता. उरलेले सांगायला स्टँडवर कोणीतरी चुलता किंवा शेजारी उभा असे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. तुमच्यासारखी परदेशी राहणारी हजारो मराठी माणसे आज ती बातमी दुकानाच्या रांगेत, गाडी चालवताना, कचेरीच्या बैठकीत, एकटी असताना, फुलांच्या चौकटीतल्या छायाचित्रावरून वाचतात. कलावंताच्या नात्यातल्या बाईने तुमचा संदेश कोठे आणि कसा उघडला असेल, या विचाराने तुम्हाला झोप लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तो विचार खरा आहे आणि त्यावर फुंकर घालणारे काही माझ्याकडे नाही.

करण्यासारखे मात्र आहे. त्यांना खासगी संदेश पाठवा, फोन नको, कारण फोन उचलला की तुमचे समाधान करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. ‘मी खात्री न करता ते लिहिले, तुम्हाला जो धक्का बसला त्याबद्दल क्षमा मागते’ एवढेच लिहा, बातमी कोणाकडून आली होती ते सांगत बसू नका आणि उत्तराची वाट पाहू नका. ग्रुपवरचा मूळ मजकूर पुसण्याआधी त्याच्याच खाली लिहा की ही बातमी खोटी आहे आणि ती मी तपासली नव्हती. मजकूर नुसता पुसला, तर तुमच्यावर विश्वास ठेवून ज्यांनी तो आपल्या घरच्यांना आणि मित्रांना पुढे पाठवला, त्यांना तो खोटा होता हे कळणारच नाही.